दमसास : क्लॅरिनेट, पावरी आणि ‘हळुवार’ हा शब्द

मराठी समीक्षेत ‘हळुवार’ हा शब्द जवळजवळ नेहमीच प्रशंसेसाठी येतो. कविता हळुवार असते, कथेचा शेवट हळुवार होतो, अनुवादकाने मूळ संहिता हळुवारपणे हाताळलेली असते. याच्या दुसऱ्या टोकाला ‘कर्कश’, ‘भडक’, ‘आक्रोशी’ हे शब्द उभे आहेत. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत आदिवासी कविता मराठीत छापली जाऊ लागली, तेव्हा तिच्या वाट्याला ही दुसरी शब्दावली बऱ्याचदा आली. आम्हीही वर्गात शिकवताना ती वापरलेली आहे, आणि ती वापरताना आपण एका ध्वनिविषयक शब्दाने साहित्याचा निवाडा करत आहोत, याचे भान आम्हांस नव्हते. शब्द ध्वनीच्या प्रांतातला आहे, तेव्हा तो एकदा तिथेच नेऊन तपासावा, एवढाच या लेखाचा हेतू. फुंकून वाजवायचे वाद्य हळू वाजवणे म्हणजे नेमके काय करणे? त्यासाठी आम्ही नंदुरबार जिल्हा निवडला आहे, कारण तिथे एकाच कुळातील दोन वाद्ये शेजारी शेजारी नांदली : एक वरातीच्या बँडमधील क्लॅरिनेट आणि दुसरी कोकणा व भिल्ल समाजांतील पावरी.

आधी शब्दाविषयी. ‘हळू’ हा संस्कृत ‘लघुक’पासून प्राकृतातील ‘हलुअ’ या वर्णविपर्यास झालेल्या रूपातून आला. म्हणजे त्याचा मूळ अर्थ वजनाने हलका असा. ‘हलका’ हा त्याचाच भाऊ. पुढे मराठीत ‘हळू’ला दोन अर्थ चिकटले, संथ आणि कमी आवाजाचा. ‘हळू चाल’ आणि ‘हळू बोल’ या दोन आज्ञांत आपण एकच शब्द वापरतो. या शब्दामुळे आपली अशी समजूत होऊन बसते की, जे हळू ते हलके, आणि जे हलके ते कमी श्रमाचे. क्लॅरिनेट शिकणाऱ्याची पहिली चूक नेमकी हीच असते.

क्लॅरिनेटच्या मुखनळीवर बोरूसारख्या पोकळ गवताची एक चपटी पत्ती बांधलेली असते. (ज्या बोरूची आपण लेखणी केली त्याच्याच जातकुळीतले हे गवत, हे जाता जाता.) वरचे दात मुखनळीवर टेकतात, खालचा ओठ खालच्या दातांवर किंचित वळवून त्याची गादी केली जाते, आणि पत्ती त्या गादीवर विसावते. फुंकर आत शिरली की पत्ती मुखनळीच्या कडेशी उघडझाप करू लागते, आणि नळीतल्या हवेचा स्तंभ त्या उघडझापीला लय लावतो. जोरात वाजवताना पत्ती दर आंदोलनात मुखनळीवर आपटून वाट पूर्ण बंद करते, त्यामुळे आवाज धारदार होतो. अगदी हळू वाजवताना ती आपटत नाही, नुसती थरथरते, आणि सूर गोल, जवळजवळ निर्धार येतो. मात्र पत्ती थरथरण्यासाठी हवेचा दाब एका ठरावीक मर्यादेच्या वर लागतोच. त्या मर्यादेखाली दाब गेला की सूर लहान होत नाही, तो बंदच पडतो.

म्हणून नवशिका विद्यार्थी ‘हळू वाजव’ म्हटल्यावर फुंक सैल सोडतो, आणि त्याचा सूर फाटतो किंवा विझतो. मग तो घाबरून जबडा आवळतो. जबडा आवळल्याने पत्तीची फट अरुंद होते, सूर परत लागतो खरा, पण चढा लागतो. क्लॅरिनेटचा हा स्वभावच आहे : हळू वाजवताना तिचा सूर चढू पाहतो, जोरात वाजवताना उतरू पाहतो. बासरीचे बरोबर उलटे आहे, तिथे फुंक कमी झाली की सूर उतरतो. जाणकार शिक्षक विद्यार्थ्याला यातून बाहेर काढताना दोन गोष्टी सांगतात. पोट आणि बरगड्यांचा आधार जसा मोठ्या आवाजाला धरला होता तसाच धरून ठेव. आणि ओठांचे कोपरे घट्ट ठेव, पण पत्तीखालची गादी चावू नकोस. हवा थोडीच जाते, मात्र ती दाबाखाली जाते. तोंडात जीभ ‘ई’ म्हणताना असते तशी थोडी उंच राहिली तर त्या थोड्या हवेलाही वेग राहतो. रोजचा रियाज म्हणजे एकच सूर शून्यातून उगवायचा, भरायचा आणि पुन्हा शून्यात न्यायचा. हे करताना पोटाचे स्नायू ज्या वेगाने थकतात, तितके मोठ्या आवाजात थकत नाहीत. आपल्या गायकांकडे यासाठी ‘दमसास’ हा नेमका शब्द आहे. दम आणि सास, दोन्हींचा अर्थ श्वासच. भाषेने तो एकदा सांगून समाधान मानले नाही.

तेव्हा वाद्याच्या बाबतीत हळू म्हणजे हलके नव्हे. हळू म्हणजे तेवढ्याच बळाने धरून ठेवलेले, पण थोडेच बाहेर सोडलेले. आणि हे सोडणे-धरणे शक्य होते ते एका बारीक सोयीमुळे : वाजवणाऱ्याचा ओठ पत्तीला प्रत्यक्ष लागलेला असतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेन्नर याने १७००च्या सुमारास क्लॅरिनेट घडवली असे मानले जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नात अँटोन श्टाडलर हा वादक तिच्यातून मानवी कंठासारखा मृदू आवाज काढतो अशी ख्याती होती, आणि मोझार्टने १७९१ साली आपला क्लॅरिनेट कन्चेर्टो त्याच्यासाठी लिहिला. परंतु हिंदुस्थानात हे वाद्य आले ते दरबारी महालातून नव्हे, लष्करी बँडमधून. पलटणींचे बँड, त्यांचे अनुकरण करणारे संस्थानांचे बँड, आणि मग लग्नाच्या वरातींचे बँड, असा तिचा प्रवास झाला. खानदेशचा पश्चिम भाग या प्रवाहाला रेल्वेने जोडला गेला. सुरतेहून निघून नवापूर, नंदुरबारवरून अमळनेरला जाणारी तापी खोऱ्याची रेल्वे १९०० साली पूर्ण झाली, आणि व्यापारपेठ असलेल्या नंदुरबारला सुरत एका दिवसाच्या अंतरावर आली. गणवेश, झांजा, ड्रम, पितळी कर्णे आणि काळी क्लॅरिनेट हा सरंजाम पेठांच्या गावांतील लग्नांत शिरला. सनई-चौघडा पूर्णपणे गेला नाही, पण रस्त्यावरची जागा बँडने घेतली. सनई वाजवणाऱ्यांना क्लॅरिनेट फारशी परकी नव्हती. भोके आणि चाव्या वेगळ्या, सनईची पत्ती दुहेरी आणि हिची एकेरी, पण दम तोच.

रस्त्यावर मात्र ओठांच्या त्या बारीक सोयीचा काय उपयोग? वरातीत ड्रमच्या शेजारी चालत वाजवणाऱ्याला हळू वाजवून भागत नाही. तो पत्ती आवळतो, वरच्या सप्तकात राहतो आणि आवाज फेकतो. उन्हात पत्ती वाळते, चालताना मुखनळी दातांवर हलते, बारीक काम करण्याची सवडच नसते. क्लॅरिनेटचे मार्दव आपल्याकडच्या सामान्य श्रोत्याला ऐकू आले ते मायक्रोफोनमुळे. विजेच्या साहाय्याने होणारे ध्वनिमुद्रण १९२५पासून जगात रूढ झाले, आकाशवाणी आली, बोलपटांचे वाद्यवृंद आले. चित्रपटगीतांच्या चाली क्लॅरिनेटवर वाजवणाऱ्या मास्टर इब्राहिम यांच्या एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रिका ज्यांनी ऐकल्या असतील, त्यांना आमचे म्हणणे लगेच पटेल. तिथे खालच्या सप्तकातले सूर कानाशी बोलल्यासारखे येतात. ते हजारो घरांत तसे पोचले, कारण वादकाच्या पुढ्यात एक यंत्र होते, ज्याला कुजबुजही पुरत होती. हळुवारपणा हा सार्वजनिक गुण होण्यामागे मायक्रोफोन आहे, हे आपण विसरतो. भावगीताने मराठी मनावर जे राज्य केले त्याचाही पाया ध्वनिमुद्रिका आणि रेडिओ हाच होता, आणि समीक्षेतला ‘हळुवार’ हा निकष त्याच काळात बळावला असावा, असा आमचा तर्क आहे.

आता पावरीकडे वळू. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला. २०११च्या जनगणनेनुसार त्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. सातपुड्याच्या बाजूला अक्राणी, अक्कलकुवा आणि तळोदा या तालुक्यांत भिल्ल व पावरा, तर दक्षिणेला नवापूर तालुक्यात मावची आणि कोकणा अशी ढोबळ विभागणी करता येते. (पावरा समाज आणि पावरी हे वाद्य यांच्या नावांतील साम्यावरून नाते जुळवण्याचा मोह होतो, पण त्याला नुसत्या ध्वनिसाम्याखेरीज आधार नाही. समाजाच्या नावाचा संबंध परंपरा पावागडाशी जोडते.) नवापूरपासून साक्री, बागलाण, कळवण, सुरगाणा आणि पलीकडे गुजरातेतील डांग असा जो पट्टा आहे, तो पावरीचा मुलूख. वारल्यांचा तारपा ही तिची मोठी बहीण.

वाळलेला दुधीभोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला शिंगाचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, असे हे वाद्य आहे. नळ्यांवर बोटांची भोके असतात. बाहेरून इतकेच दिसते. आवाज निर्माण करणारा भाग भोपळ्याच्या पोटात असतो : बांबूच्या बारीक नळीच्या अंगातच काप देऊन सोडवलेली एक जीभ. एकेरी पत्तीची उघडझाप, हेच क्लॅरिनेटचे तत्त्व. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी १९१४ साली जगातील वाद्यांचे जे वर्गीकरण केले, त्यात एकेरी पत्तीची वाद्ये क्लॅरिनेटच्या शीर्षकाखाली येतात, आणि गारुड्याच्या पुंगीपासून तारप्या-पावरीपर्यंतचे सगळे कूळ त्याच घरात राहते. डेन्नरचे वाद्य या घरातले अगदी अलीकडचे. घराला त्याचे नाव मिळाले, कारण वर्गीकरण बर्लिनमध्ये झाले.

कूळ एक, पण एक फरक निर्णायक आहे. पावरी वाजवणाऱ्याचा ओठ जिभेला कधीच लागत नाही. ओठ भोपळ्याच्या देठाशी, जीभ भोपळ्याच्या आत. म्हणजे क्लॅरिनेटवादकाच्या हाती असलेली ती बारीक सोय, पत्तीला गादी देऊन तिची उघडझाप आवरण्याची, इथे मुळातच नाही. ओठांचे काम एकच, हवा बाजूने निसटू न देणे. दाब मर्यादेखाली गेला की जीभ गप्प होते, फार वाढला की ती दाबली जाऊन अडते. या दोहोंमधली पट्टी अरुंद आहे, आणि पावरीचा आवाज त्या पट्टीतच राहतो. तिच्यावर सूर शून्यातून उगवत नाही. तो असतो किंवा नसतो.

मग कौशल्य कुठे आहे? दमसासात, आणि तोही वेगळ्या प्रकारच्या. पावरी मध्ये थांबत नाही. गालांत हवा साठवायची, ती गालांनी आत लोटत असतानाच नाकाने श्वास ओढायचा, आणि छातीतली नवी हवा गालांतली संपण्यापूर्वी तिथे पोचवायची. सनईवादक आणि पुंगीवाले गारुडीही हे करतात. शिकताना पाण्यात नळी बुडवून बुडबुडे अखंड ठेवण्याची युक्ती पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. मशकीच्या वाद्यात हे काम कातड्याची पिशवी करते, पावरीत वाजवणाऱ्याचे गाल. भोपळा टणक असतो, तो हवा साठवून ठेवत नाही. फुंकेच्या प्रत्येक चढउताराचा परिणाम जिभेवर थेट होतो, त्यामुळे गालांवरून छातीवर जातानाची सांध ऐकू येऊ न देणे हेच मोठे काम. स्कॉटलंडच्या मशकबाजाला हळू वाजवता येत नाही म्हणून त्याला कोणी असंस्कृत म्हटल्याचे आम्ही वाचलेले नाही. पावरी-तारप्याच्या वर्णनांत मात्र ‘एकसुरी’ हे विशेषण सहज पडून जाते.

हे अखंडपण कशासाठी, ते डोंगऱ्या देवाच्या उत्सवात कळते. मार्गशीर्षात माऊल्यांचा मेळा कित्येक दिवस गावोगाव फिरतो, नाचतो, गातो, आणि पौर्णिमेच्या सुमारास डोंगरातल्या देवस्थानी जाऊन सांगता करतो. रात्रीच्या रात्री नाच पावरीवर चालतो. पावरी वाजवणारा एका बाजूला बैठक मांडून बसत नाही, तो नाचाबरोबर फिरतो, आणि त्याच्या चालीवर पावले पडतात. फुंक तुटली तर पाऊल तुटते. श्रोता असा कोणी वेगळा नसतो, जो असतो तो हातभर अंतरावर नाचत असतो. कर्ण्याचे तोंड ज्या दिशेला, तिकडच्यांना आवाज भरून येतो, पाठीमागच्यांना दबका. वाजवणारा फिरला की हे उलटते. म्हणजे आवाजाची चढउतार इथेही आहे, फक्त ती ओठांत नसून चालण्यात आहे. सभागृहातल्या खुर्चीवरून किंवा ध्वनिमुद्रणातून ती सापडणार नाही, कारण यंत्र एका जागी ठेवलेले असते.

यावर कोणी म्हणेल की, आदिवासी ध्वनिसंस्कृतीत हळुवारपणाला जागाच नाही असे यातून सिद्ध होते. ते खरे नाही, आणि त्याचा पुरावा त्याच कोकणा समाजात आहे. थाळी नावाचे वाद्य ज्यांनी ऐकले नसेल त्यांनी ते मुद्दाम ऐकावे. काशाच्या थाळीच्या मध्यावर मेणाने एक काडी उभी चिकटवतात, आणि ओली बोटे त्या काडीवरून वरून खाली ओढत राहतात. थाळीतून एक लांब, घुमणारी गुणगुण निघते, भुंग्याने खोलीत फेऱ्या घालाव्यात तशी. त्या गुणगुणीवर कथा सांगतात : कणसरी या धान्यदेवतेची, रामाची, सृष्टीच्या उत्पत्तीची. डांगमधील कोकणांची रामकथा डाह्याभाई वाढू यांनी याच परंपरेतून लिहून घेतली. कथा रात्रभर चालते, सांगणारा आवाज चढवत नाही, ऐकणारे जवळ सरकून बसतात. जिथे शब्द ऐकू यायचे आहेत तिथे या समाजाने हळू वाद्य निवडले, आणि जिथे पन्नास पायांना एका तालात ठेवायचे आहे तिथे न तुटणारे. निवड गरजेप्रमाणे झाली आहे. थाळीला फुंक लागत नाही, ओठ लागत नाहीत, हे तर अधिकच बोलके आहे. कथा सांगणाऱ्याचे तोंड मोकळे राहिले पाहिजे.

अशोक दा. रानडे यांनी आदिम संगीत ही लोकसंगीताची खालची पायरी न मानता स्वतंत्र कोटी मानली, आणि तिचे निकष तिच्यातूनच काढावेत असा आग्रह धरला. संगीताच्या अभ्यासकांनी तो पुष्कळसा स्वीकारला. साहित्याच्या वर्गांत मात्र आम्ही अजून जुन्याच मापाने मोजतो. नंदुरबारच्याच मातीतले, श्रमिक संघटनेच्या चळवळीत वाढलेले कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ साली आला. त्यांची ‘स्टेज’ ही कविता अनेक अभ्यासक्रमांतून शिकवली जाते. आदिवासींच्या दुःखाविषयी मंचावरून इतरच बोलत राहतात, आणि ज्यांचे दुःख ते खाली बसून ऐकतात, अशी तिची मांडणी. या कवितेत आवाज चढलेला आहे असे आम्ही एकेकाळी विद्यार्थ्यांना सांगितले होते. पुन्हा वाचताना लक्षात येते की, ती चढलेली नाहीच. साधी विधाने, एकाच पट्टीत, मध्ये न थांबता एकामागून एक येतात. तिच्यात सूर भरणे-ओसरणे नाही, हे खरे. पण त्याला आम्ही मोठा आवाज म्हटले, ही चूक आमच्या कानाची. पावरी डोळ्यांसमोर असती तर ती कदाचित झाली नसती. कवितेला वाद्याचे रूपक लावून तिचे स्पष्टीकरण करण्याचा सोस आम्हांस नाही, आणि सोनवणे यांनी पावरी ऐकून असे लिहिले असे तर आमचे मुळीच म्हणणे नाही. प्रश्न मोजमापाचा आहे.

‘हळुवार’ या शब्दाचा एक फार जुना वापर इथे आठवतो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, शरदाच्या चांदण्यातले अमृतकण टिपणाऱ्या चकोराच्या पिलांचा दृष्टान्त देऊन ज्ञानदेव चित्तात अतिशय हळुवारपण आणायला सांगतात. पण कोणाला? श्रोत्यांना. कथा हळुवार आहे असे ते म्हणत नाहीत, ती ज्याने ऐकायची त्याचे चित्त तसे हवे असे म्हणतात. सातशेहून अधिक वर्षांत हा शब्द ऐकणाऱ्याकडून निघून बोलणाऱ्याच्या गळ्यात कसा जाऊन पडला, याचा शोध कोणा भाषाभ्यासकाने घ्यावा.

नंदुरबार आणि लगतच्या गुजरातेतील लग्नांत आज वाजतात ते बँड कीबोर्ड, ड्रमचे पॅड आणि मोठे ध्वनिक्षेपक गाडीवर चढवून चालतात. रोडाली, टिमली या नावांनी त्यांची गाणी तरुण मुलांच्या फोनवर असतात, आणि त्यांच्यावर लोक मनापासून नाचतात. ही गाणी आदिवासी तरुणांनीच रचलेली व वाजवलेली आहेत, त्यांकडे नाक मुरडण्याचे काही कारण नाही. क्लॅरिनेट या गाडीवरून केव्हाच उतरली आहे. पावरीसारखा टोकदार सूर मात्र कीबोर्डवर निघतो आणि तोही तुटत नाही, कारण त्याला श्वासच घ्यावा लागत नाही. त्याच्या शेजारी आवाज कमी-जास्त करण्याचे एक बटण असते. वाजवणारा मुलगा ते गाडी निघतानाच शेवटपर्यंत फिरवून ठेवतो. मार्गशीर्षात त्याच गावांतून माऊल्या निघतात तेव्हा पावरी अजूनही कोणाच्या तरी गालांवर चालते, आणि त्यासाठी आदल्या उन्हाळ्यात कोणीतरी वेलावरचा एक भोपळा न तोडता वाळू दिलेला असतो.